बाळाचे वजन किती?

२०२५ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. पोळा आठवड्यावर आला होता. आमच्या नागपुरात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून पोरे घरोघर बोजारा मागत फिरतात. माझ्या नातवाचा, चिनूचा, बैल माळ्यावरून काढून मी त्याच्या शिंगांना बेगड लावत होते, आणि इकडे चिनू तापाने फणफणला. पहिले दोन दिवस आम्ही नेहमीचा ताप म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले तर प्लेटलेट उतरलेल्या. आमचे मुलांचे डॉक्टर म्हणाले, डेंग्यू दिसतो, भरती करा.

ज्या रुग्णालयात नेले तिथे चिनू दीड-पावणेदोन वर्षांचा असताना जुलाबासाठी दोन दिवस राहिला होता. खिडकीवरच्या मुलाने जावयाचा मोबाइल नंबर विचारला, दोन कळा दाबल्या आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "आजी, जुने कागद शोधू नका. याचं सगळं रेकॉर्ड आहे आमच्याकडे." खरोखरच सगळे होते. जन्मतारीख, रक्तगट, मागचे निदान. ज्यांनी उभे आयुष्य केसपेपरच्या रांगेत काढले, त्या माझ्यासारखीला हे पाहून बरे वाटणारच.

रात्री साडेनऊच्या सुमारास वॉर्डातली सिस्टर सलाइन लावायला आली. वीस-बावीस वर्षांची पोरगी, भंडाऱ्याकडची. तिने हातातला कागद पाहिला, चिनूकडे पाहिले, पुन्हा कागद पाहिला. "आजी, याचं वजन खरंच अकरा किलो आहे का हो?"

अकरा किलो! पाच वर्षांचा पोरगा. मी पिशवीतून माझी वही काढली. जूनमध्ये डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हाचा आकडा होता अठरा. सिस्टरने काही न बोलता चिनूला उचलले आणि काट्यावर उभे केले. अठरा किलो दोनशे ग्रॅम. तिने डॉक्टरांना फोन लावला, कागदावरचा आकडा खोडून बाजूला सही केली आणि सलाइनचे थेंब नव्या हिशेबाने लावले.

आता यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. डेंग्यूत धोक्याची लक्षणे दिसू लागली की सलाइन मुलाच्या वजनावर मोजून देतात. सुरुवातीला दर किलोला तासाला पाच मिलिलिटर धरले तर अठरा किलोच्या मुलाला ९० मिलिलिटर हवे, अकरा किलोच्याला ५५. म्हणजे चिनूला रात्रभर निम्म्यापेक्षा थोडेसेच जास्त पाणी मिळत राहिले असते. डेंग्यूत पाणी कमी पडले तरी मूल शॉकमध्ये जाते, आणि जास्त झाले तर छातीत साठते. दोन्हींच्या मधली वाट अरुंद असते.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी सिस्टरनेच सांगितले. भरती करताना पडद्यावर वजनाचा एक रकाना असतो. तो रिकामा असता तर कुणीतरी मुलाला काट्यावर चढवले असते. पण संगणकाने तीन वर्षांपूर्वीचा आकडा आपणहून आणून तिथे भरून ठेवला होता. रकाना भरलेला दिसला, भरणारा पुढे गेला. कागदाच्या फाईलला एवढी हुशारी कधीच साधली नसती!

कुणी आरडाओरड केली नाही, आम्हीही केली नाही. पण त्या रात्री चिनूच्या उशाशी बसून मी ठरवले, की हे संगणकाचे प्रकरण आहे तरी काय, ते एकदा नीट समजून घ्यायचे.

माझ्या वहीची कथा आधी सांगायला हवी. १९९३ साली माझी मुलगी अनघा, म्हणजे चिनूची आई, चार वर्षांची होती. तिला सल्फाच्या औषधाने अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईने ठळक लिहिले, सल्फा देऊ नये. वर्षभराने एका रात्री तिला पुन्हा त्याच रुग्णालयात न्यावे लागले. जुना केसपेपर मागितला, तर उत्तर आले, रेकॉर्ड रूम सकाळी दहाला उघडते. औषधाचे नाव मला आठवेना. मी शाळेत शिकवणारी बाई, पोरांच्या हजेरीतली नावे तोंडपाठ, पण तेवढे एक नाव आठवेना. त्याच कुळातले औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिले गेले आणि पहाटे पोरीचे ओठ सुजून श्वास घरघरू लागला. वेळेवर इंजेक्शन मिळाले म्हणून निभावले. लाल शाईचा तो कागद पन्नास पावलांवर, कुलूपबंद खोलीत, फडक्यात बांधलेल्या एखाद्या गठ्ठ्यात पडला होता.

दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलाचे वजन, लसी, आजार, दिलेली औषधे आणि न सोसलेली औषधे त्यात आहेत. मुले हसत. आता अनघा हसत नाही.

मोठ्या माणसांच्या औषधात आणि मुलांच्या औषधात एक मूलभूत फरक आहे. मोठ्यांची गोळी बहुधा ठरलेली असते. पन्नास किलोची बाई असो की नव्वद किलोचा गृहस्थ, डोकेदुखीला दोघांनाही एकच गोळी. मुलांचे तसे नाही. एकाच वॉर्डात दीड किलोचे अपुऱ्या दिवसांचे बाळ असते आणि चाळीस किलोचा दहावीतला मुलगा असतो. प्रत्येक डोस म्हणजे नवे गणित, आणि ते गणित रात्री दोन वाजता, छत्तीस तास जागलेला निवासी डॉक्टर करत असतो. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या पाहणीत दोन रुग्णालयांतल्या मुलांसाठी लिहिलेल्या १०,७७८ औषध-आज्ञा तपासल्या. दर शंभरांत सुमारे सहा ठिकाणी काही ना काही चूक सापडली. बहुतेक चुकांनी इजा झाली नाही. पण इजा होऊ शकली असती अशा चुकांचे प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत तिप्पट निघाले.

घरातलेच उदाहरण घ्या. तापाचे पॅरासिटामॉल. दर किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. आता औषधाच्या दुकानात याच्या तीन बाटल्या मिळतात. एकीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलिलिटरमध्ये २५०, आणि ड्रॉप्सच्या इवल्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये १००. पहिलीतून द्यायचे ६ मिलिलिटर, दुसरीतून ३, ड्रॉप्समधून फक्त दीड. 'सहा एमएल द्या' एवढेच लक्षात ठेवून आजीने ड्रॉप्सच्या बाटलीतून सहा दिले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध गेले. बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते, आणि हा आकडा मुंगीच्या पावलांएवढा.

रुग्णालयात हेच गणित आणखी बारीक होते. जेंटामायसिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम असते. दोन किलोच्या बाळाला दहा मिलिग्रॅम द्यायचे तर पाव मिलिलिटर भरायचे. दशांशचिन्हाचा ठिपका सरकला की दहापट. म्हणून ०.५ लिहिताना आधीचे शून्य गाळू नये आणि ५ लिहिताना पुढे .० लावू नये, असा साधा नियम आहे. घाईतल्या अक्षरात ५.० चे ५० व्हायला वेळ लागत नाही. संगणकाने हे काम करावे अशी अपेक्षा असते. अक्षर सुवाच्य येते, वजनाशी गुणाकार आपोआप होतो, न सोसणारे औषध लिहिले की पडदा लाल होतो. अनघाच्या वेळी असा लाल पडदा असता, तर तिची ती पहाट टळली असती. एवढे मी त्याच्या बाजूने शपथेवर सांगेन.

आता आपल्या नागपूरकडे वळू. या शहराची एक गंमत आहे. गंमत कसली, जबाबदारीच. मेडिकल, मेयो, डागा, मिहानमधले एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खाजगी रुग्णालये मिळून हे शहर मध्य भारताचे दवाखाना झाले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया तर आपलेच; पण छिंदवाडा, बैतूल, शिवनी, बालाघाटकडची मुलेही इथेच येतात. त्यांच्या आईच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट, जिल्ह्याचे 'रेफर' लिहिलेले कार्ड आणि एखादी अर्धी बाटली. पिशवी म्हणजे त्या मुलाचे सगळे रेकॉर्ड. पावसात भिजले की संपले. चिनूच्या शेजारच्या खाटेवर सौंसरकडचे एक मूल होते. डॉक्टरांनी आईला विचारले, आधी काय औषध दिले? ती म्हणाली, "लाल औषध देल्लं होतं जी, नाव काई ध्यानात नाई." तिला मी कशी हसू? तीस वर्षांपूर्वी मलाही आठवले नव्हते.

चिनू घरी आला आणि काही आठवड्यांत छिंदवाड्याच्या बातम्या येऊ लागल्या. तुम्हालाही त्या आठवत असतील. परासिया हा कोळसा खाणींचा पट्टा. तिथल्या लहान मुलांना, बहुतेक पाच वर्षांच्या आतली, साधा सर्दी-ताप झाला आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या अवस्थेत एकामागून एक मुले नागपूरला आणली गेली. वेगवेगळ्या रुग्णालयांत, वेगवेगळ्या दिवशी. सुरुवातीला मेंदूज्वराचा संशय आला, पाणी तपासले गेले. मग मुलांच्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला तेव्हा विषारी द्रव्याने इजा झाल्याच्या खुणा दिसल्या आणि बोट खोकल्याच्या औषधाकडे वळले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' या औषधाच्या एका खेपेत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे जाहीर केले. हे द्रव्य कारखान्यात वापरायचे, पोटात जाण्याचे नव्हे. औषधात ते ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या कित्येकांनी शेवटचा श्वास आपल्या शहरात घेतला.

दोष औषध बनवणाऱ्याचा आणि ते न तपासता बाजारात येऊ देणाऱ्यांचा, यात वाद नाही. कुठलाही संगणक बाटलीतले विष काढू शकत नाही. पण मला राहून राहून वेगळीच गोष्ट टोचते. समजा, एका रुग्णालयात अशी दोन मुले आली, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक. प्रत्येक डॉक्टरसमोर एक-दोन अवघड केसेस. सहाही मुले एकाच तालुक्यातली, सहाही पाचाच्या आतली, सहाही खोकल्याचे औषध घेऊन मग लघवी बंद झालेली, हे दिसायला सहा कागद एका टेबलावर यावे लागतात. ते कागद तीन इमारतींत असतात. कुणाच्या पिशवीत चिठ्ठी असते, कुणाच्या नसते. तिन्ही रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींशी बोलू शकल्या, आणि 'आधी घेतलेली औषधे' हा रकाना प्रत्येकाने प्रामाणिकपणे भरला, तर सहावे मूल येईपर्यंत थांबावे लागत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पैसे वाचवायला नळाच्या पाण्याचा स्रोत बदलला. पाण्यात शिसे उतरू लागले. अधिकारी म्हणत, पाणी ठीक आहे. मोना हॅना-अटीशा नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आपल्या रुग्णालयाच्या संगणकातल्या मुलांच्या रक्त-तपासण्या काढल्या आणि पाणी बदलण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले. पाच वर्षांच्या आतल्या, रक्तात शिसे जास्त असलेल्या मुलांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ते जाहीर केले. आधी त्यांचीच टिंगल झाली, मग शहराचे पाणी बदलले. कागदी फाईली असत्या तर हे काम करायला त्यांना किती महिने लागले असते?

आणि डायएथिलीन ग्लायकॉल आपल्याला नवे थोडेच आहे? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाचे कामकाज तेव्हा आम्ही रोज सकाळी चहाबरोबर वाचत होतो. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंनंतर खोकल्याच्या औषधांवर पुन्हा बोट ठेवले गेले. तीच लघवी बंद होण्याची तक्रार. ज्या यंत्राला चिनूचे तीन वर्षांपूर्वीचे वजन लक्षात राहते, त्याला एवढेही लक्षात ठेवायला शिकवता येऊ नये?

आता दुसरी बाजू. संगणक आला की सगळे सुरळीत, असे मानणाऱ्यांनी पिट्सबर्गची कथा वाचावी. तिथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात २००२ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या सहा दिवसांत सारे कामकाज संगणकावर नेले. डॉक्टरांनी औषध लिहायचे ते पडद्यावरच. हेतू चांगला होता. पण बाहेरच्या रुग्णालयांतून तिथे आणलेल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलेले दिसले. २००५ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि वैद्यकीय जगात खळबळ उडाली. कारणे पाहा. पूर्वी गंभीर मूल वाटेवर असतानाच डॉक्टर औषधे सांगून ठेवत आणि सिस्टर ती भरून तयार ठेवत. नव्या पद्धतीत मूल दारात येऊन त्याची नोंद झाल्याशिवाय काहीच लिहिता येईना. औषधे वॉर्डाच्या कपाटातून उठून मध्यवर्ती औषधालयात गेली. खाटेजवळचा एक माणूस पडद्याकडे तोंड करून बसला. दूरवरून अॅम्ब्युलन्समध्ये आलेल्या मुलाची पहिली काही मिनिटे अशी गेली. छिंदवाडा आणि गडचिरोलीहून मुले येतात त्या आपल्या शहराने ही कथा घोकून पाठ करायला हवी. उलट स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयाने हीच पद्धत पिट्सबर्गच्या चुका पाहून, सावकाश तयारी करून आणली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांनी घटलेले दिसले. यंत्र सारखेच, घर वेगळे.

दुसरी कथा सॅन फ्रान्सिस्कोची, २०१३ ची. सोळा वर्षांच्या मुलाला एक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. पडद्यावर डोस 'मिलिग्रॅम' मध्ये आहे की 'दर किलोला मिलिग्रॅम' मध्ये, याचा घोळ झाला. संगणकाने इमानदारीने मुलाच्या वजनाशी गुणाकार केला. उत्तर आले साडेअडतीस गोळ्या. धोक्याच्या सूचना आल्या. पण अशा सूचना दिवसातून इतक्या येत की डॉक्टरांना त्या पुढे ढकलायची सवय झालेली. यंत्रमानवाने गोळ्या मोजल्या, पट्ट्यांच्या खुणेने बरोबर म्हणून सांगितले. नवख्या सिस्टरला शंका आली. पण इतक्या यंत्रांनी होकार दिल्यावर आपलेच चुकत असेल असे तिला वाटले. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला. डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात ही हकिकत सविस्तर लिहिली आहे. ती वाचताना मला आमची भंडाऱ्याची पोरगी आठवली. कागदावर अकरा लिहिलेले असताना तिने डोळ्यांवर विश्वास ठेवला.

एक गोष्ट मात्र इतकी साधी आहे की ती ऐकून कुठल्याही बाळंतिणीला हसू येईल. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना नाव नसते. मग नोंद होते 'बेबी ऑफ पूजा'. डागासारख्या बाळंतपणाच्या रुग्णालयात एका दिवशी पूजा किती असतील ते तुम्हीच मोजा. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात सगळ्या मुलग्यांचे नाव 'बेबीबॉय' असे. त्यांनी ते बदलून आईचे नाव पुढे जोडले, 'वेंडीजबॉय' अशा धाटणीने. एवढ्याने एका बाळाची आज्ञा दुसऱ्याच्या नावावर जाण्याच्या चुका ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. खर्च शून्य. बारशाआधीचे बारसे म्हणा हवे तर!

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. नागपूरहून दीड तासावर सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. १९४० च्या दशकात पंधरा खाटांनी सुरू झालेले, डॉ. सुशीला नायर यांनी ज्याभोवती १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, ते. खादी वापरणाऱ्या या रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्याच दशकात सी-डॅकच्या मदतीने रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणल्या. मोठमोठ्या शहरांतली चकचकीत रुग्णालये तेव्हा अजून रजिस्टरे भरत होती. राज्य सरकारनेही वैद्यकीय महाविद्यालयांत संगणकीय यंत्रणा आणली होती. पण कंपनीशी झालेल्या देण्याघेण्याच्या वादानंतर २०२२ मध्ये ती बंद पडली आणि कागद पुन्हा बाहेर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे देशातले सर्वांत नामांकित रुग्णालय हाताने लिहीत बसले. वीज गेली तर दिवा हवा, तसा संगणक गेला तर काय करायचे, याचा सराव असल्याशिवाय ही वाट धरू नये.

२०२१ च्या सप्टेंबरपासून केंद्राची डिजिटल आरोग्य योजना आहे. चौदा आकडी 'आभा' क्रमांक पुष्कळांनी काढला असेल. पालकांना मुलांचाही काढता येतो. चिनूचाही काढला. पण क्रमांक म्हणजे रिकाम्या कपाटाची किल्ली. कपाटात काही ठेवले तर उपयोग. आणि ठेवले तर ते कोणी उघडावे, याचीही शिस्त हवी. मुलाचा एखादा आजार शाळेत, सोसायटीत, पुढे सोयरिकीत चर्चेला यावा, असे कुठल्या आईबापांना वाटेल?

रुग्णालयात आम्ही पाच रात्री होतो. झोप येत नसे, म्हणून मी पाहत बसे. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना 'ओव्हर' देतात. हे मला संगणकापेक्षा मोलाचे वाटले. खाटेजवळ उभे राहून एक सांगते, दुसरी ऐकते. याची लघवी सहा तासांत एकदाच झाली, त्याची आई घाबरट आहे, या बाळाची शीर सापडत नाही, डावा हात बघ. यातले अर्धे पडद्यावरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग ती टेबलाशी जाऊन एकेक आकडा टाइप करते. तेवढ्यात कुणाचे तरी सलाइन संपते, ती उठते, येताना तळहातावर आकडा लिहून आणते आणि तो नंतर पडद्यावर चढवते. तीस खाटांना दोन मुली. संगणक घेताना लाखांचे हिशेब होतात, पण तो भरणारी तिसरी मुलगी कुणी नेमत नाही. मला विचाराल तर, पहिला खर्च तिच्यावर करावा आणि दुसरा प्रत्येक मुलांच्या वॉर्डात एका चांगल्या वजनकाट्यावर. आणि वजनाचा रकाना दर भरतीला कोराच उघडावा. जुना आकडा शेजारी दिसू दे, पण आपणहून आत शिरायचे नाही.

चिनूचा ताप सहाव्या दिवशी उतरला, प्लेटलेट चढल्या. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी डिस्चार्ज मिळाला. खिडकीवरच्या त्याच मुलाने छापलेला कागद दिला. सुरेख, सुवाच्य. निदान, दिलेली औषधे, रक्ताच्या तपासण्या, सगळे. मी चष्मा लावून वाचला. डाव्या कोपऱ्यात लिहिले होते, वजन ११ किलो.

मी म्हटले, "बाळा, हे अठरा कर."

"आजी, ते सिस्टीममधून आपोआप येतं. त्याला काही होत नाही. आता सुट्टी झालीच ना?"

अनघा म्हणाली, आई चल, चिनू कंटाळलाय, बैल न्यायचा आहे त्याला. मी तिला पुढे पाठवले आणि बाकावर बसले. मुलाने दोनदा माझ्याकडे पाहिले, कुणाला तरी फोन केला, वॉर्डात जाऊन आला. वीस मिनिटांनी नवा कागद निघाला. १८.२. तो घडी घालून मी वहीत ठेवला आणि ऑटो पाहायला बाहेर आले.